चौथी तार

"मंत्र देणार आहात की नाही, एकदाचं सांगा. किती दिवस नुसता मठ झाडून घेणार माझ्याकडून?"

हे विचारलं तेव्हा उत्रेश्वर विहिरीच्या कडेला उकिडवा बसला होता आणि दातांत वायर धरून तिचं साल काढत होता. तोंडात वायर धरून गुरूला जाब विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेनबुवा ओट्यावर बसून सुपातल्या डाळीतले खडे निवडत होते.

"आधी मोटर," ते म्हणाले.

"मोटर चालू केली की देणार?"

"आधी मोटर."

"म्हणजे देणार."

बुवांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला...

मी सोजर. मठात भाकऱ्या थापते. खिंडीखालच्या वस्तीत माझं घर आहे. आमच्या वस्तीला प्यायला पाणी एकच, या मठाच्या विहिरीचं. त्या साली चैत्रातच पाणी तळाला गेलं होतं आणि बाया पायऱ्या उतरून कळशीनं पाणी वर आणत होत्या. पायऱ्या कसल्या, झिजलेले दगड. वैजंताबाई घसरली आणि कमरेत मोडली, ती अजून खाटेवर होती. माझी सून रोहिणी पोटुशी, सातवा लागलेला. तीही उतरायची. मी आधी कितीदा तरी नको म्हटलं, पण घरात प्यायला थेंब नसल्यावर नको म्हणणाऱ्या सासूला कोण विचारतो?

मठाची जुनी मोटर गाळात रुतून जळाली होती. मग मुंबईच्या एका भक्तानं नवी पाठवली. भला माणूस. पण पाठवायच्या आधी एक फोन करून विचारलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?

"अडचण काय आहे रे?" बुवांनी विचारलं.

"मोटरीत काही नाही. पाठवणाऱ्याच्या डोक्यात आहे." उत्रेश्वरनं वायर थुंकली. "आपल्याकडे खांबावरून तीन तारा येतात. तीन फेज. त्यातल्या कुठल्याही दोन तारा घ्या, त्यांच्यात चारशेच्या वर दाब. आणि ही मोटर सिंगल फेजची, घरगुती. हिला दोनशे तीस पुरतं."

"जास्तीचं दिलं तर?"

"फिरेल की. जोरात फिरेल. मग वास येईल, मग धूर."

"आणि बरोबर द्यायचं असलं तर?"

"एक फेज घ्यायचा आणि एक न्यूट्रल. त्या दोघांत बरोबर दोनशे तीस मिळतं."

"न्यूट्रल म्हणजे काय?"

"चौथी तार. तिच्यात दाब नसतो. मोटरीत गेलेला करंट तिच्यावाटे माघारी जातो."

"मग ती का नाही आणलीस?"

उत्रेश्वरनं पक्कड उचलली, खाली ठेवली, परत उचलली...

त्यानं सांगितलं नसतं. म्हणून मीच सांगितलं, "जुन्या मोटरीला लागत नव्हती, म्हणून ती इथवर कुणी ओढलीच नाही. डीपीवरच, विजेच्या पेटीपाशीच राहिली. खाली. ज्योतिरामच्या रानात."

"मावशी, तुम्ही भाकऱ्या थापा," तो म्हणाला.

ज्योतिराम त्याचा सख्खा थोरला भाऊ. दोघांत बोलणं नाही, आणि का नाही ते सगळ्या वस्तीला ठाऊक. ज्योतिरामच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात उजेड पाहिजे म्हणून त्यानं लाइनवर आकडा टाकला होता. आमच्याकडच्या लाइनची कामं उत्रेश्वरच बघतो. पोरीला हळद लागत होती, आणि हा सख्खा चुलता खांबावर चढला आणि आकडा काढून खाली आला. मांडव अंधारात गेला. व्याह्यांच्या बाया मोबाइलच्या उजेडात चपला शोधत होत्या. तेव्हापासून ज्योतिराम म्हणतो, याचा पाय माझ्या रानात पडला तर तंगडं मोडून हातात देईन.

आणि हा म्हणतो, मी बरोबर होतो.

"दुसरी वाट नाही?" बुवांनी विचारलं.

"आहे. ट्रान्सफॉर्मर. चारशेचे दोनशे तीस करून देतो. दोन फेज घेतो, न्यूट्रलची गरजच नाही. बार्शीला सांगून ठेवलाय, आखाजीच्या सणानंतर मिळेल."

"मग आखाजीपर्यंत थांब."

"आणि तोवर बायांनी उतरायचं?"

"मला काय विचारतोस? तू दादाच्या रानात जात नाहीस, आणि मी थांब म्हटलं की मला बायांच्या पायऱ्या दाखवतोस."

उत्रेश्वरचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"थांबायचं पण नाही आणि जायचं पण नाही," तो म्हणाला. "मी तिसरं केलंय. या, दाखवतो."

विहिरीला लागून पाण्याचा नळ आहे. मोटर बंद असली तरी वर आणलेल्या कळशा बाया तिथंच टेकवतात, म्हणून तेवढीच जमीन जरा ओली असते. बाकी सगळा मुरूम. त्या ओलीत उत्रेश्वरनं खड्डा खणला होता, त्यात पुरुषभर लोखंडी सळई ठोकली होती, आणि वर मिठाचं पाणी ओतून ठेवलं होतं.

"ही आपली चौथी तार," तो म्हणाला. "अर्थिंग. करंट जमिनीवाटे माघारी जाईल. जमीन सगळं पोटात घेते. कुणाच्या रानातून जायला नको, कुणाचं तोंड बघायला नको."

"चालेल?" मी विचारलं.

त्यानं होल्डरमधला बल्ब घेतला. एक वायर फेजला लावली, एक सळईला. भर उन्हातसुद्धा बल्ब लख्ख पेटलेला दिसला.

नळाशी बाया जमल्या होत्या. त्यांनी घागरी पुढं सरकवल्या. रोहिणीही होती, एक हात कमरेवर ठेवून.

"मग चालू कर की मेल्या," मी म्हटलं. "बघत काय बसलास?"

"बुवा हो म्हणू देत."

"मी कोण हो म्हणणारा?" बुवा म्हणाले. "वीज तुला कळते. मला डाळ कळते."

"म्हणजे नाही म्हणताय."

"नाही कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलं. तुमचं सगळं असंच असतं. नीट काही बोलायचं नाही, आणि समोरच्यानं आपणहून लाजावं म्हणून वाट बघायची." उत्रेश्वर आता खरंच चिडला होता. "मी लाजत नाही. सांगून ठेवतो. मी चालू करणार. पाणी आलं की आजच मंत्र घेणार. नाही दिलात तर परत या मठाची पायरी चढणार नाही."

बुवांनी डाळीचं सूप माझ्या हातात दिलं. उठले. अनवाणीच असतात ते, बारा महिने. चालत नळाशी आले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं, खड्ड्याच्या काठावर बसले आणि दोन्ही पाय त्या खाऱ्या पाण्यात सोडले. सळई त्यांच्या दोन पावलांच्या मधोमध उभी होती.

"कर चालू," ते म्हणाले.

उत्रेश्वरनं झटकन बल्बची वायर सोडवली.

"बुवा, उठा तिथून."

"का?"

"तिथं बसायचं नसतं."

"तू म्हणालास जमीन सगळं पोटात घेते."

"घेते. पण सळईपाशी... थोडं राहतं. थोडी झिणझिणी येते."

"येऊ दे. म्हाताऱ्या पायांना बरी."

"थट्टा नाही ही."

"मी कुठं हसतोय? कर चालू."

उत्रेश्वर स्विचपाशी गेला. बोट त्यावर ठेवलं. मला वाटलं हा दाबतोय. हट्टाचा आहे तो, लहानपणापासून बघतेय मी त्याला, एकदा हो म्हटलं की विहिरीत उडी टाकेल. बुवा त्याच्याकडे बघतच नव्हते. पायाची बोटं पाण्यात हलवत होते.

"बुवा, जीवावरचं आहे हे."

"कुणाच्या?"

उत्रेश्वरनं बायांकडे बघितलं. एकीच्याही पायात चप्पल नव्हती. मीठ-पाणी खड्ड्यातून पसरत रोहिणीच्या पावलापर्यंत आलं होतं, आणि ती वेडी तिथंच उभी, घागर पहिली लागावी म्हणून.

माझ्या हातातलं सूप निसटलं. आता मघाशी चालू कर की मेल्या म्हणणारी मीच होते ना? मी जाऊन तिला दंडाला धरून ओढली. "मागं हो," म्हटलं, "मागं हो गं बाई." बाकीच्याही आपसूक मागं झाल्या.

बुवा मात्र हलले नाहीत.

उत्रेश्वरनं बोट काढलं. मग फ्यूज ओढून काढले, तिन्हीच्या तिन्ही, आणि मातीत फेकले.

"मी बरोबर होतो," तो म्हणाला. मोटरीबद्दल बोलत नव्हता तो. आवाज चिरकला होता त्याचा. "आकडा टाकणं चोरी आहे."

"चोरीच."

"एखादं पोर चिकटलं असतं त्या मांडवात. लोखंडी खांब होते, ओली जमीन होती."

"चिकटलं असतं."

"मग चूक कुणाची?"

"त्याची."

"मग मी का जाऊ त्याच्याकडे?"

"नको जाऊस."

"मग तुम्ही उठा."

"मला गार वाटतंय इथं. तू जा न जा, मी बसलोय."

उत्रेश्वर उभाच राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं आता हा रडेल, नाहीतर बुवांना उचलून बाहेर टाकेल. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. तारेचं वेटोळं खांद्यावर घेतलं, पक्कड कमरेला खोचली.

"ऐका," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी जात नाही. मंत्रासाठी तर नाहीच नाही. तुम्ही बसा खड्ड्यात, हवं तर पावसाळ्यापर्यंत बसा. मी जातोय कारण मला काम अर्धवट ठेवायला आवडत नाही."

"जा," बुवा म्हणाले.

"आणि हात जोडणार नाही मी त्याच्यापुढं."

"नको जोडूस."

"माफी पण मागणार नाही."

"बरं."

एवढं बोलून तो उतारानं खाली निघाला. मी त्याच्या मागं गेले, दोन बायाही आल्या. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. पण दोघांनी एकमेकांची डोकी फोडली तर सोडवायला कुणी नको का?

ज्योतिराम डीपीजवळच्या लिंबाखाली बसून खोऱ्याचा दांडा बसवत होता. आम्हाला बघून उठला. खोरं हातातच.

"काय रे," तो म्हणाला, "आज कुणाचा मांडव विझवायला आलास?"

उत्रेश्वर बांधावरच थांबला. पाय आत टाकला नाही.

"मठाला चौथी तार न्यायची आहे. खांब तुझ्या रानात आहेत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आखाजीपर्यंत बाया पायऱ्या उतरतील. मग माझा ट्रान्सफॉर्मर येईल. तुझ्यावाचून काही अडणार नाही."

"मग आलास कशाला?"

"आखाजीला वेळ आहे, म्हणून."

ज्योतिरामनं आमच्याकडे बघितलं. रोहिणीचं त्याला ठाऊक होतं, वस्तीत कुणाला नव्हतं? तरी तो सहजासहजी हो म्हणेल तर ज्योतिराम कसला.

"तू बरोबर होतास म्हणतोस ना?"

"होतोच."

"भर हळदीत?"

"भर हळदीत."

"अजून तेच?"

"उद्या विचारलंस तरी तेच."

ज्योतिरामनं खोरं जमिनीत रोवलं. "मी पण अजून तेच म्हणतो," तो म्हणाला. "हलकट आहेस तू."

"असेन."

मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं. एवढ्यात उत्रेश्वरनं वेटोळं खांद्यावरून खाली ठेवलं.

"खांबावर चढायचं तर लाइन बंद करावी लागेल," तो म्हणाला. "डीपीचं हँडल खाली ओढून ठेवायचं. कुणाची मोटर बंद पडली की लोक धावत येतात आणि न विचारता हँडल वर करतात. तिथं कुणीतरी उभं राहायला पाहिजे. मी खाली उतरेपर्यंत."

"बायांना ठेव उभं."

"यांना लोक ढकलून देतील."

"मग?"

उत्रेश्वरनं कमरेची पक्कड चाचपली. बघितलं मी.

"तू राहा," तो म्हणाला.

ज्योतिरामनं रोवलेलं खोरं उपटून हातात घेतलं.

"माझ्या हातात हँडल देतोस?"

"दुसरं कोण आहे इथं?"

ज्योतिराम डीपीकडे गेला. हँडल खाली ओढलं आणि पेटीला पाठ लावून उभा राहिला. खोरं पुढं आडवं धरलं.

उत्रेश्वर बांध ओलांडून आत आला आणि खांबावर चढला.

तार आम्ही बायांनी ओढली, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, काट्याकुट्यातून. तो चढायचा, बांधायचा, उतरायचा, पुढच्यावर चढायचा. मी वर बघायची आणि मग मागं डीपीकडे बघायची. काय करणार? माणूस आहे मी. एक हात वर गेला असता ज्योतिरामचा, तर वरचा कोळसा होऊन खाली आला असता. उत्रेश्वरनं मात्र एकदाही मागं वळून बघितलं नाही. हट्ट म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा.

मध्येच पलीकडच्या रानातला गडी तणतणत आला, मोटर का बंद केली म्हणून. हँडलकडे हात नेला. ज्योतिरामनं खोऱ्याचा दांडा त्याच्या छातीला लावला.

"वर माझा भाऊ आहे," तो म्हणाला. "हात लाव, बोटं मोडतो."

गडी गेला. उत्रेश्वरला हे ऐकू गेलं का, मला माहीत नाही. तो खांबाला मिठी मारून बराच वेळ तसाच राहिला होता, एवढं मी बघितलं.

शेवटच्या खांबावरून तार मठात आली. मी वरून पदर हलवला, तेव्हा ज्योतिरामनं हँडल वर केलं आणि लिंबाखाली जाऊन परत दांडा बसवायला लागला. वर आला नाही. आम्हीही बोलावलं नाही.

बुवा अजून खड्ड्यातच होते. पाय सुरकुतून पांढरे पडले होते. उत्रेश्वरनं आधी सळईची वायर तोडली, मग बुवांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि ओट्यावर नेऊन बसवलं. जरा आडदांडपणेच. एक फेज घेतला, चौथी तार घेतली, मोटरीला जोडल्या. फ्यूज पुसून बसवले. या वेळी कुणाकडे बघितलं नाही, विचारलं नाही. स्विच दाबला.

मोटर जरा घुमली आणि फिरायला लागली. नळातून आधी गाळ आला, मग लाल पाणी, मग चांगलं. रोहिणीची घागर पहिली लागली. मी तिथंच खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले. रडायचं नव्हतं मला, पण वैजंताबाईची कंबर आठवली.

बाया भरून गेल्या. उत्रेश्वर बुवांसमोर येऊन उभा राहिला, घामानं आणि मातीनं माखलेला.

"सांगून ठेवतो," तो म्हणाला. "मी माफी मागितली नाही."

"बरं."

"त्यानंही मागितली नाही. मला हलकट म्हणाला."

"बरं."

"आणि दुसरं ऐका. तुमचा मंत्र मला नको."

बुवांनी वर बघितलं.

"इतके दिवस मागत होतो, तेव्हा दिला नाहीत. आता नको. मी गेलो ते माझ्या पायांनी गेलो. खांबावर चढलो तेव्हा तुम्ही नव्हता खाली उभे. जो उभा होता त्याला मी चोर म्हणतो, आणि उद्याही म्हणेन. तो मला हलकट म्हणतो. तरी मी वर होतो तोपर्यंत त्यानं हँडलला कुणाचा हात लागू दिला नाही. यात तुमचं काहीच नाही."

"काहीच नाही," बुवा म्हणाले.

"मग नको मला काही. झाडायला उद्या येईन, ती सवय लागलीय. पण मागणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

नळ चालू होता. बुवा त्याच्या चिखलानं भरलेल्या पावलांकडे बघत राहिले...

"मग जा," ते म्हणाले, "पाय धुऊन ये आणि समोर बस."